अळणी सूप

मैथिलीने सासऱ्यांच्या फोटोपुढे अळकुड्यांच्या सुपाचा वाडगा ठेवला आणि सगळ्यांबरोबर जमिनीला कपाळ टेकवलं. ते गेल्यानंतरचा हा पहिला चुसोक, कोरियातला सुगीचा सण. त्यांच्या आवडीचं सूप परदेशी सुनेवर सोपवू नये, असं आत्येसासूबाईंनी तिच्यासमोरच सुनावलं होतं.

पूजेनंतर तोच नैवेद्य घरच्यांनी जेवायचा असतो. आत्येसासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मिठाचा कण नाही! चाखून बघितलं नाहीस का गं?"

"आमच्याकडे पितरांना दाखवायच्या आधी चाखत नाहीत," मैथिली कशीबशी म्हणाली. तिला तिथून उठून जावंसं वाटलं.

सासूबाईंनी एक घोट घेतला, मग दुसरा, आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्या रडताहेत असं वाटून मैथिलीचा जीव अर्धा झाला. पण त्या हसत होत्या. "डॉक्टरांनी वर्षानुवर्षं मीठ बंद सांगितलं, ऐकलंत का माझं कधी?" त्या फोटोला म्हणाल्या. "सुनेने पाजलंच शेवटी अळणी!"

मैथिली मीठ आणायला उठली, तर त्यांनी हात धरून तिला शेजारी बसवलं. "राहू दे. आज सगळेच अळणी पिऊ."