जरा सावकाश कार्ड

पुन्हा एकदा चाचणी लावून वीत्स्के खुर्चीत मागे रेलली. टेबलावर सर्व्हरला बाजाराशी जोडणारी दोन नेटवर्क कार्डं होती. त्यातलं एक निवडायचं. निवड चुकली तर तिच्यासकट खालच्या मजल्यावरचा अख्खा गट घरी जाणार, असं संचालक दीदरिकने हसत हसत सांगून ठेवलं होतं. त्याच्या हसण्याचाही तिला आता वीट आला होता.

ॲमस्टरडॅमच्या या कंपनीचा धंदा म्हणजे शेअर बाजारात इतरांच्या आधी हात घालणं. भाव हलला की ज्याचा सर्व्हर केसभर आधी पोचेल, सौदा त्याचा. गेलं वर्षभर कुणीतरी वीत्स्केच्या आधी पोचत होतं. कोण, ते बाजार कुणालाच सांगत नाही. तिने केबली आखूड केल्या, स्विच बदलले. तरी तो आपला पुढेच.

दुपारी जेवायला वरच्या मजल्यावरचा खेर्लोफ सोबत असे. हे काम तिला त्यानेच शिकवलेलं. दोन्ही मजले आपापले वेगळे सौदे करत, आणि एका मजल्याने ते दुसऱ्याला सांगायचे नाहीत, असा कंपनीचा दंडक होता. यंत्रांबद्दल बोलायला मात्र आडकाठी नव्हती. चीज-पाव आणि ताकाचे पेले पुढ्यात घेऊन तिने दोन्ही कार्डांची कुंडली मांडली. पहिलं सरासरीत जोरदार, दीदरिक त्याच्यावर लट्टू. दुसरं जरा सावकाश, पण गर्दीतही एकाच चालीने चालणारं.

"सरासरी बघू नकोस, पोरी," खेर्लोफ म्हणाला. "बाजार उसळतो तेव्हा कुठलं अडखळत नाही, ते बघ. खरे सौदे तेव्हाच होतात."

"म्हणजे दुसरं?"

"मी तेच घेतलं असतं. आमच्याकडे माझं कुणी ऐकलं नाही. तू हटून बस."

ती हटून बसली. दीदरिकने कपाळाला आठ्या घातल्या, पण सगळी जबाबदारी तिने अंगावर घेतल्यावर त्याने होकार दिला. सोमवारी सकाळी सावकाश कार्ड सर्व्हरमध्ये बसलं.

त्याच दिवशी बाजार उसळला आणि सौद्यांमागून सौदे वीत्स्केच्या पदरात पडू लागले. आठवडा सरता सरता तो पुढचा कुणीतरी हवेत विरल्यासारखा झाला. दीदरिक केक घेऊन आला. खालचा मजला कायम राहील म्हणाला. वीत्स्केला आनंदापेक्षा झोपच जास्त येत होती, पण खेर्लोफला सांगितल्याशिवाय तिला चैन पडेना.

तो जिन्यातच भेटला. अंगात कोट, हातात टेबलावरची कुंडी. त्याचा गट सकाळीच बंद झाला होता.

"असं एकाएकी?" तिने विचारलं.

"वर्षभर आम्हीच सगळ्यांच्या पुढे होतो गं. सोमवारपासून प्रत्येक सौद्याला कुणीतरी आमच्या आधी पोचतंय." तो दमलेला होता, रागावलेला नव्हता. कुंडी दुसऱ्या हातात घेत तो म्हणाला, "ते जाऊ दे. तुझं कार्ड नीट चाललंय ना?"