लाकडातला रूबेन

केझाया डनेट जिना चढून आली ती धापा टाकतच. एका हातात सोललेल्या वाटाण्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात साप्ताहिकाचं घडी घातलेलं पान.

"कॉव्हेंट गार्डनच्या बाजाराचं चित्र कोरणारे टॅपली तुम्हीच ना?"

टॅपलीची वीस वर्षं लाकडावर चित्रं कोरण्यात गेली होती. त्याला शोधत कुणी आलं, तर ते भांडायलाच. त्याने हत्यार खाली ठेवलं. "मीच. बोला, काय चुकलं?"

"चुकतंय कशाला? हे वाटाणे घ्या, आत्ताच सोललेत." तिने पान उलगडून गर्दीतल्या, डोक्यावर टोपल्या रचलेल्या एका हमालावर बोट ठेवलं. "आमचा रूबेन, माझा नवरा. नाताळाआधी तापानं गेला. फोटो काढायची आमची ऐपत कुठली! त्याचं म्हणून एवढंच आहे बघा. देव तुमचं भलं करो." मग ती जरा घुटमळली. "फक्त... घोडा चावलेला कान उजवा होता हो. तुम्ही डावा केलात. बघावं तेव्हा वाटतं, कुणीतरी त्याचा भाऊच आणून उभा केलाय."

टॅपली ओशाळला. लाकडावर चित्र उलटं काढावं, तेव्हा ते कागदावर सुलटं उमटतं. घाईघाईत त्याने वहीतलं चित्र जसंच्या तसं लाकडावर उतरवलं, आणि अख्खा बाजार उलटा छापला गेला. मालकाने चारचौघांत त्याची खरडपट्टी काढली होती. तो ठोकळा आता रंधा मारून पुन्हा वापरायचा म्हणून कोपऱ्यात ठेवला होता.

"बाई, जरा थांबा."

त्याने कोपऱ्यातला ठोकळा उचलून खिडकीपाशी धरला. केझायाने वाकून पाहिलं. शाईने काळवंडलेल्या लाकडात रूबेन होता, उजवा कान तुटलेला.

"अगं बाई! हा बघा, हा आमचा!" तिला हसूही आवरेना आणि रडूही.

एवढं मोठं चित्र एका लाकडात मावत नाही. लहान तुकडे मागून बोल्टांनी आवळलेले असतात. टॅपलीने बोल्ट सैल केले, तळहाताएवढा तुकडा सोडवला आणि तिच्या ओंजळीत ठेवला. आपल्या चुकीचं त्याला पहिल्यांदाच बरं वाटलं. मग त्याच्या लक्षात आलं, सांधा नेमका रूबेनच्या डोक्यावरून गेला होता. डोक्यावर रचलेल्या नऊ टोपल्या वरच्या तुकड्यातच राहिल्या होत्या.

"थांबा, तोही काढून देतो."

"नको हो साहेब." तिने रूबेनला शालीत गुंडाळलं. "तीस वर्षं वाहिल्या त्यानं. टोपल्या इथंच राहू देत."