तीन हजारांवर अडकलेला काटा

“बसा,” कॅप्टन बसवंत म्हणाले आणि लगेच सावरले. “बस. पट्टा बांध.”

कस्तुरी डावीकडे, शिकणाऱ्याच्या खुर्चीवर बसली. बसवंत उजवीकडे, शिकवणाऱ्याच्या. बंगळूरच्या उत्तरेला असलेल्या त्या लहानशा विमानशाळेत आज आयुधपूजेची, यंत्रं-वाहनं पुजायची धांदल होती, आणि चाचणीही नेमकी आजच आली होती.

ही दुसरी खेप. पहिली चाचणी तीन महिन्यांपूर्वी फसली होती. ऐन वेळी जीभ अडखळली, हात थरथरला आणि त्या वेळच्या परीक्षकानं सरळ ‘नापास’ लिहून टाकलं. आज पुन्हा तेच झालं तर या खुर्च्यांशी संबंध संपला, तिसरी संधी नव्हती. या विचारानं कस्तुरीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

बसवंत मूळचे निपाणीचे, वय सहासष्ट, शिस्तीला कडक. चाळीस वर्षांत त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आता देशभर विमानं उडवत होती, पण त्यांच्यापुढं पाय पसरून बसायची अजून एकाचीही छाती नव्हती.

“सांग, ही समोरची घड्याळं चालतात कशावर?”

कस्तुरीला उत्तर येत होतं. तरी ती गप्प राहिली.

“हवेवर,” त्यांनीच सांगितलं. “पंखाखालच्या नळीत समोरून वारा घुसतो, त्याच्या जोरावरून वेग कळतो. आणि तुझ्या दाराच्या पुढं, पत्र्यात एक बारीक भोक आहे. तिथून बाहेरच्या हवेचा दाब आत येतो. आपण वर जाऊ तसा तो कमी होतो, मग घड्याळातली बंद डबी फुगते आणि उंचीचा काटा पुढं सरकतो. वेगाच्या घड्याळालाही तो दाब लागतोच. कळलं? नसेल कळलं तर पुन्हा विचार, लाजू नकोस.”

“कळलं, सर.”

विमान चहूबाजूंनी तपासून झालं होतं. आता इंजिन सुरू करायचं, एवढ्यात कँटीनची भाग्यलक्ष्मी ताट सावरत धावत आली.

“अक्का, स्वल्प थांबा! आज आयुधपूजा. कुंकू लावल्याशिवाय सोडायची नाही मी.”

तिला नाही म्हणायची कोणाची टाप होती? तिनं चाकांखाली लिंबं ठेवली, आरती ओवाळली आणि विमानाच्या अंगावर इथंतिथं गंध, कुंकू, अक्षता लावल्या.

“नळीला हात लावला नाहीस ना?” बसवंतांनी खिडकीतून विचारलं.

“नाही अण्णा, नळीला कशाला लावू? सरी, बरं, निघा आता!”

लिंबं चिरडत विमान निघालं आणि धावपट्टी सोडून वर चढलं.

बंगळूरची जमीनच समुद्रापासून तीन हजार फूट उंच, त्यामुळं उंचीचा काटा धावपट्टीवरही तीन हजारांवर असतो. खाली घरं काड्यापेट्यांएवढी झाली, तरी काटा तीन हजारांवरच. त्यात वेगाचा काटा हळूहळू खाली यायला लागला.

आजच्या चाचणीत असलं काही ठरलेलं नव्हतं. हे खरंच बिघडलं होतं.

तिनं सुकाणू पुढं ढकलून विमानाचं नाक खाली दाबलं.

“नको!” बसवंतांचा हात त्यांच्या सुकाणूवर आला, नाक पुन्हा जागेवर गेलं. “वेग पडला म्हणून नाक दाबलंस ना? पण आवाज ऐक. इंजिन तेच, वारा तोच. मग खोटं कोण बोलतंय, विमान की घड्याळ?”

“घड्याळ.”

त्या दरडावणीनं कस्तुरीला का कुणास ठाऊक, बरंच वाटलं.

“का बोलतंय खोटं?”

उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ओठ मिटून घेतले. तिची नजर बसवंतांच्या बोटांवर गेली. बोटं जराही हलत नव्हती.

“घाबरू नकोस,” ते शांतपणे म्हणाले. “दोन्ही काटे एकदम फसले, म्हणजे पत्र्यातलं भोक बुजलंय. जमिनीवरचा दाब आत कोंडून बसलाय, म्हणून घड्याळाला वाटतंय आपण अजून जमिनीवरच आहोत. बाहेरची हवा येत नसेल तर त्याला आतली द्यायची. ती खालची कळ ओढ. मी नाही ओढणार, तू ओढ.”

तिनं कळ ओढली. उंचीच्या काट्यानं हिसका दिला आणि तो तीन हजार नऊशेवर जाऊन उभा राहिला. वेगाचा काटाही ताळ्यावर आला.

“शाबास! आता तो उंची जराशी जास्तच दाखवेल, कारण आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो. उतरताना त्याच्यावर विसंबू नकोस, धावपट्टीवर नजर ठेव. टॉवरला कळव आणि वळव परत.”

कस्तुरीनं विमान वळवलं. बसवंत सुकाणूवरचा हात काढून मांडीवर ठेवून बसले होते, आणि चक्क गुणगुणत होते. चाकं अलगद टेकली. एवढा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ऊर भरून आला होता.

खाली उतरून दोघांनी पाहिलं. दाराच्या पुढं, बरोबर भोकावर, गंधाचा जाड ठिपका आणि त्यात रुतलेल्या अक्षता.

“एवढी छान गोल चकती, मधोमध टिंब,” भाग्यलक्ष्मी कानकोंडी होत म्हणाली. “मला वाटलं, विमानाचं कपाळ!”

“अगं बाई, कपाळ कसलं? नाक दाबलंस तू त्याचं!” बसवंत खो खो हसले. त्यांना असं हसताना शाळेत कुणी पाहिलं नव्हतं.

मग हसू ओसरलं. बसवंतांनी टोपी काढून काखेत धरली आणि ते ताठ उभे राहिले.

शिकाऊ पोरीचं सोंग संपवून कस्तुरीनं पिशवीतून बसवंतांच्या चाचणीचा कागद काढला, परीक्षकाच्या रकान्यात स्वतःची सही केली, आणि अठरा वर्षांपूर्वी याच धावपट्टीवर आपल्याला उडायला शिकवणाऱ्या त्या माणसाच्या पायाशी वाकून म्हणाली, “सर, तुम्ही पास. उद्यापासून पुन्हा शिकवायला लागा.”