शाल्मलीचं केळवण

मावशीने ताटाभोवती रांगोळी काढली, पुरणपोळीवर तूप ओतलं. शाल्मली नुसती बघत बसली.

गोदामात कामाला लागताना सगळ्यांना सुई टोचायचे, कुणाला अवेळी भूक लागू नये म्हणून. जेवणाच्या सुट्टीआधी सुपरवायझर मुद्दाम झापायचा. भीतीने रक्तात जे उतरायचं, त्यानेच आतडी जागी व्हायची.

"एक घास तरी घे गं. सोडलीस ना आता ती नोकरी?"

"सुईचा परिणाम जात नाही, मावशी. तू मला रागाव. खरंखुरं."

आई गेल्यापासून मावशीनेच तिला वाढवलं होतं, कधी आवाज चढवला नव्हता.

"केळवणाच्या दिवशी?"

शाल्मलीने होकारार्थी मान हलवली.

"आळशी मेली," मावशी पुटपुटली.

"मोठ्याने."

मावशीने तांब्या जमिनीवर आपटला. "ऐतखाऊ. लाज नाही वाटत बसून राहायला?"

शाल्मली दचकली. पोटात गुरगुरलं आणि तिने अधाशासारखी पोळी मोडली. मावशी डोळे पुसत दुसरी वाढायला वाकली.

"थांबू नकोस," शाल्मली भरल्या तोंडाने म्हणाली. "आणि लग्नाआधी नचिकेतला हे सांगून ठेव. माझ्याच्याने नाही सांगवत."