पहिल्या टप्प्यातला खड्डा

“पुन्हा त्याच खड्ड्यात,” असे पुटपुटत उल्हासरावांनी वहीत नववी रेघ ओढली.

पडद्यावरचा लहानसा कोल्हा झाड ओलांडून धावत आला होता आणि पुलाच्या अलीकडच्या खड्ड्यात सरळ उतरला होता. आता तो पुन्हा सुरुवातीच्या जागी उभा राहिला. या खेळात कितीही वेळा पडले तरी डाव संपत नसे.

“माफ करा,” हिसाए तानिगावा डचमध्ये म्हणाल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या जपानी बाईंनी मान किंचित लववली आणि चहाचा कप उचलला. हात इतका कापत होता की परत ठेवताना कप बशीवर वाजला.

नेदरलंड्समधल्या नायमेखन गावच्या या छोट्या संगणक-संग्रहालयात पुढच्या आठवड्यात प्रदर्शन उघडणार होते. विषय होता ओसाकाच्या होशिमोरी या व्हिडिओ गेम कंपनीचा तिसरा विकास विभाग. अकरा वर्षे, चौदा खेळ, आणि एका सकाळी दाराला लागलेले कुलूप. उल्हासराव तंत्रनिकेतनात शिकलेले. तीस वर्षे त्यांनी सेमीकंडक्टर कंपनीच्या चाचणी विभागात काढली होती. निवृत्तीनंतर ते येथे जुने कन्सोल दुरुस्त करीत आणि होशिमोरीच्या या विभागाच्या इतिहासातली प्रत्येक तारीख पडताळून घेत. त्यांच्या सहीशिवाय एकही ओळ फलकावर जात नसे.

अडचण नावांची होती. प्रतिस्पर्ध्यांनी माणसे पळवू नयेत म्हणून होशिमोरी खेळाच्या शेवटी कोणाचेही खरे नाव देऊ देत नसे. तेथे ‘डोंगरकाका’, ‘चहापत्ती’, ‘तिसरा मासा’ अशी सोळा टोपणनावे झळकत. कोणते नाव कोणाचे, ही यादी विभागाबरोबरच नाहीशी झाली होती. कंपनीच्या उरलेल्या कागदांत तानिगावाबाईंची नोंद एवढीच होती : कार्यालयीन मदतनीस, चहा व टपाल.

डच पतीच्या निधनानंतरही बाई याच गावात राहिल्या होत्या. महिन्यापूर्वी त्यांचे दोन ओळींचे पत्र आले. ‘कोल्ह्याच्या खेळाचा पहिला टप्पा मी रचला. शक्य असल्यास तसे लिहावे.’

“काही पुरावा?” उल्हासरावांनी आज भेटताच विचारले होते.

“आम्ही सतरा जण होतो. तोंडाने काही सांगायचं नाही, असं एकमेकांना वचन दिलंय. खेळ लावा. मी खेळून दाखवते.”

दहावी रेघ. अकरावी.

प्रदर्शनाची जबाबदारी सांभाळणारी सानिका दारातून डोकावली. ती मूळची पुण्याची; बाईंना मराठी कळत नसल्याने त्यांच्यासमोर उल्हासरावांशी मराठीत बोलायला तिला संकोच नव्हता.

“काका, चार वाजता फाइल प्रिंटला जाणार. नाव घालायचं की नाही?”

“ज्याने टप्पा रचला, त्याला खड्डा कुठे आहे ते ठाऊक नसावं?”

“चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत त्या. तुमच्या सायकलचं कुलूप तरी एका झटक्यात उघडतं का?”

“माझ्या सायकलवर कोणी प्रदर्शन भरवत नाहीये.”

“कंट्रोलर बिघडला नसेल ना?”

“दोनदा तपासला. बिघाड असता तर कधी इथे पडल्या असत्या, कधी तिथे. या आपल्या एकाच जागी!”

“ही वही नाही काका, पंचनामा आहे,” सानिका म्हणाली. मग आवाज उतरवून, “केस सेट करून आल्यात हो. केअर होममधल्या दोघी मैत्रिणींना उद्‌घाटनाला आणणार आहेत, सांगत होत्या मला.”

उल्हासरावांनी वही मिटली नाही. त्यांनी स्वतः शोधलेल्या एका चाचणीपद्धतीवर पूर्वी साहेबाचे नाव छापले गेले होते. पुराव्यावाचून कोणाचेही नाव लिहायचे नाही, हा नियम त्या दिवसापासूनचा होता. तो आज इतका जड होईल असे त्यांना वाटले नव्हते.

बारा. तेरा. बाई घाई करीत नव्हत्या, रागावतही नव्हत्या. प्रत्येक वेळी कोल्हा पडला की त्या मान लववत आणि पुन्हा सुरुवात करीत.

सोळावी रेघ ओढून उल्हासरावांनी तिच्याखाली लिहिले : पडताळणी झाली नाही. पेनाला टोपण लावले.

“तानिगावाबाई, तुम्ही तिथे होतात याबद्दल मला शंका नाही,” ते शक्य तितक्या मऊपणाने म्हणाले. “‘विभागातील सहकारी’ असं आम्ही लिहू. तेवढी सही मी करू शकतो.”

“टप्प्याच्या चित्राखाली नाही?”

“नाही. क्षमा करा.”

बाईंनी मांडीवरच्या कंट्रोलरकडे पाहिले. “उल्हास-सान, अजून एकदा पडू द्याल?”

“बाई, सोळा वेळा झालं...”

“हो. सोळा,” त्या म्हणाल्या. “मी मोजत होते.”

“द्या ना काका,” सानिका म्हणाली. “चाराला अजून दहा मिनिटं आहेत.”

कोल्हा निघाला. वहीत लिहायचे काही उरले नव्हते, म्हणून उल्हासरावांनी या वेळी पडद्याऐवजी बाईंच्या हातांकडे पाहिले. बोटे मुळीच कापत नव्हती. झाड मागे पडले, पूल जवळ आला, आणि उजवा अंगठा उडीच्या बटणावरून अलगद उचलला गेला.

कोल्हा सतराव्यांदा खड्ड्यात पडला. या वेळी तो सुरुवातीच्या जागी परतला नाही.

पडदा काळा झाला. उल्हासराव कन्सोलची वायर तपासायला उठले आणि अर्ध्यातच थांबले. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे उमटू लागली होती. एकेक नाव, त्यापुढे त्याचे काम. टोपणनावे नव्हेत, आडनावांसह खरी नावे. सानिका मोठ्याने मोजत होती. सोळा नावे झाली, आणि क्षणभर थांबून सतरावी ओळ वर आली :

हिसाए तानिगावा — पहिला टप्पा, आणि हा खड्डा.