वर्खाखालची गोळी

हकीमसाहेबांनी अंथरूण धरल्यापासून दवाखाना त्यांची लेकच चालवत होती. रोज सकाळी खलात अकरा औषधं कुटायची, मधात मळायची, गोळ्या वळायच्या आणि वर चांदीचा वर्ख लावायचा. त्यातला कोरफडीचा काळा बोळ इतका कडू, की वर्खाशिवाय गोळी कुणाच्या घशाखाली उतरायची नाही.

बाबांनी तिला एक नियम घालून दिला होता. ज्या रोग्यासाठी आपल्या हातात काही उरलं नाही, त्याच्या गोळीत बोळ घालायचा नाही. जाता जाता त्याचं तोंड कशाला कडू करायचं?

आज तिने बाबांच्या हातावर गोळी ठेवली. "पाण्याबरोबर गिळा हं. चावू नका."

पण नव्या खेपेची पहिली गोळी चावून बघायची त्यांची चाळीस वर्षांची खोड. तीच ती विसरली होती. बाबा सावकाश चघळत राहिले. ती पुसलेल्याच बरण्या पुन्हा पुसत राहिली.

"बरं केलंस, पोरी," ते म्हणाले. "कडूचा अगदी वीट आला होता. आता तूही जरा पाठ टेक."