बॉनेटचा खटका
सासूसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, ही घरची रीत. पण हैदराबादेहून आणलेल्या मोटारीच्या बॉनेटचा घट्ट खटका एकट्या सुंदररावांच्यानं लागत नसे, म्हणून रोज सकाळी इंजिनात पाणी भरून झालं की वच्छलाबाईंना अंगणात जाऊन बॉनेट दाबावं लागे. दिवसभरात तेवढाच दोघांचा शेजार. सासूबाईंना तेही खुपलं; त्यांनी बीडहून मैनुद्दीन मिस्त्री बोलावला. त्यानं पान्यानं खटका सैल केला, तेल सोडलं. “आता एका बोटानं लागतो, मालक.” चुलीपुढं वच्छलाबाईंची भाकरी करपली. दुसऱ्या सकाळी अंगणातून हाक आली, “कोन हाय का आत? खटका लागंना!” पदर सावरत त्या धावल्या. खटका पहिल्याहून घट्ट होता. सुंदररावांची बोटं तेलानं काळी होती. “परत बोलव त्या मैनुद्दीनला!” सासूबाई ओसरीवरून ओरडल्या. “बोलवू की, आई. दिवाळी होऊ दे.” वच्छलाबाईंचे हात बॉनेटवर होते, पण जोर अजून लावलाच नव्हता.